हवेचं वजन साडेसहा किलो

मी बनवते त्या कापडी लॅम्पशेडचा व्यास 30 सेंटीमीटर आणि उंची 22. तारेच्या दोन रिंगा, कापड, कापडामागचा पातळ प्लास्टिकचा पत्रा, सगळं मिळून अर्धा किलोही भरत नाही. खोका, बबलरॅप आणि चिकटपट्टी धरली तरी वजन किलोच्या आतच राहतं. कुरिअरच्या बिलावर मात्र तेच वजन साडेसहा किलो लागतं.

ऑनलाइन विक्रीत नव्याने उतरलेल्या माणसाला हे पहिल्यांदा दिसलं की काटा बिघडलाय किंवा कुणीतरी लबाडी करतंय असं वाटतं. दोन्ही नाही. विमानात आणि ट्रकमध्ये जागा आधी संपते, वजन नंतर, म्हणून कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणतात आणि 5000 ने भागतात. येईल तो आकडा किलोत. खरं वजन आणि हे व्हॉल्युमेट्रिक वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे. आंतरराष्ट्रीय एक्सप्रेस कुरिअरचा भाजक सहसा 5000 असतो, नेहमीच्या हवाई मालवाहतुकीत 6000. अमेरिकेत फेडेक्स आणि यूपीएस या कुरिअर कंपन्यांनी 2015 च्या तोंडावर हा नियम रस्त्याने जाणाऱ्या सगळ्याच पार्सलांना लावला. त्याआधी तिथे 3 घनफुटांपेक्षा लहान खोके यातून सुटायचे. पुस्तकं किंवा लोखंडी सामान विकणाऱ्यांना याचं काही वाटत नाही. उशा, टोप्या, मऊ खेळणी आणि लॅम्पशेड विकणारे आम्ही लोक मात्र हवा पॅक करून पाठवतो आणि तिचं भाडं भरतो.

माझा खोका होता 34 बाय 34 बाय 26. गुणाकार 30,056. भागाकार 6.01. बऱ्याच सेवा अर्ध्या किलोच्या टप्प्याने वर नेतात, म्हणजे 6.01 चे झाले 6.5. खोका एका सेंटीमीटरने बुटका केला की गुणाकार 28,900 होतो, भागाकार 5.78, आणि पैसे 6 किलोचे. पॅकिंग बघणारी माझी मोठी बहीण सुरुवातीला म्हणायची, "अगं, एका सेंटीमीटरने काय जग बुडतंय?" तिच्यापुढे दोन बिलं ठेवली. आता तीच टेप घेऊन खोक्यांच्या मागे असते आणि खोकेवाल्याला मापं सांगताना मला बोलू देत नाही.

पण हा सेंटीमीटर कुठून काढायचा, खरी मेख तिथे आहे. शेडची उंची कमी होत नाही, त्यामुळे तो वरच्या-खालच्या गादीतूनच निघतो. गादी कमी झाली की खोका आपटल्यावर धक्का थेट कडेला बसतो. कापडामागच्या पत्र्याला एकदा चुणी पडली की ती जात नाही. गंमत म्हणजे दिवा बंद असताना ती दिसतही नाही. गिऱ्हाईक शेड काढतं, छान आहे म्हणतं, चार दिवसांनी दिव्याला बसवतं, बटण दाबतं, आणि उजेडात एक पांढरी तिरकी रेघ लख्ख उमटते. मग फोटोसकट तक्रार येते. फोटो खरा असतो, तक्रारही खरी असते, आणि खोक्यात वाचवलेले पैसे रिटर्नच्या भाड्यात दामदुपटीने निघून जातात.

म्हणून टपालाचा खर्च एका वहीत आणि रिटर्नचा दुसऱ्या वहीत असं मी लिहीत नाही. दोन्हींचं एकच पान आहे. इकडे दाबलं की तिकडे फुगतं. आमचा तो सेंटीमीटर शेवटी बबलरॅप काढून मिळाला: वर आणि खाली जाड पुठ्ठ्याची एकेक चकती, तिला कापून केलेल्या खाचा, आणि त्या खाचांत रिंग घट्ट बसते. शेड खोक्याच्या भिंतींना कुठेही टेकत नाही. पुठ्ठ्याला बबलरॅपपेक्षा कमी जागा लागते आणि धक्का कापडावर न जाता तारेवर जातो. तार सोसते.

आता पैशांकडे. आकडे समजायला शेडची किंमत 1000 धरू, चलन कुठलंही धरा. "डिलिव्हरी मोफत" लिहिलंय, म्हणजे भाडं त्या 1000 मध्येच आहे. माल आणि मजुरी 450, मार्केटप्लेसचं, म्हणजे ज्या साइटवर विकते तिचं, कमिशन 120, भाडं 200, खोका वगैरे 40. उरले 190. वाईट नाही. आता ही शेड परत आली आणि परतीचं भाडं माझ्याकडे आहे असं धरा. जातानाचे 200 गेले, येतानाचेही निदान 200 गेले, पॅकिंगचे 40 गेले. कमिशन पूर्ण परत मिळालं असं उदार मनाने मानलं, तरी 440 चा खड्डा. तो भरायला सव्वादोनहून जास्त शेड विकाव्या लागतात, आणि त्याही शेड धडधाकट परत आली तर. चुणी पडून आली तर मालाचे 450 ही त्यात जातात, खड्डा 890 चा होतो, आणि पावणेपाच शेडचा नफा एका पार्सलात बुडतो.

दहात एक धडधाकट परत आली असं धरलं, तर नऊ शेडचे 1710, वजा 440, म्हणजे 1270. दहा पाठवल्या, प्रत्येकी 127 पदरात पडले. किंमत ठरवताना 190 हा आकडा कधीच खरा नव्हता. मला भेटलेले बरेच विक्रेते रिटर्नला अपघात समजतात आणि नशिबाला दोष देतात. तो अपघात नाही, खर्च आहे, पुठ्ठ्यासारखाच. फक्त पुठ्ठ्याचं बिल आधी येतं.

"मोफत डिलिव्हरी" हा शब्दप्रयोग मला मनापासून आवडत नाही, पण तो लिहिल्याशिवाय भागत नाही. भाडं वेगळं दाखवलं की लोक शेवटच्या पानावरून मागे फिरतात. एके काळी उलटंही चालायचं. तंजीम हुसेन आणि जॉन मॉर्गन या अर्थशास्त्रज्ञांनी ईबे या विक्रीच्या साइटवर सीडी आणि एक्सबॉक्सचे गेम लिलावाला लावून पाहिले. सुरुवातीची बोली आणि टपालखर्च यांची बेरीज तीच ठेवायची, पण एकदा बोली मोठी आणि टपाल छोटं, एकदा बोली छोटी आणि टपाल मोठं. छोटी बोली आणि मोठं टपाल असलेल्या लिलावांत सहसा जास्त पैसे आले. त्यांचा निबंध 2006 चा आहे. लोक किंमत बघायचे, खालचं टपाल बघायचेच नाहीत. विक्रेत्यांना हे कुठल्याही निबंधाआधीच कळलेलं होतं. वस्तू कवडीमोलाने लावायची आणि टपाल भरमसाट आकारायचं, म्हणजे कमिशनही वाचतं, कारण कमिशन वस्तूच्या किमतीवर असे. 2011 मध्ये ईबेने अमेरिकेत टपालाच्या रकमेवरही कमिशन धरायला सुरुवात केली, हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या एट्सी या साइटने 2018 मध्ये तेच केलं. चार लोकांच्या चलाखीचं बिल सगळ्यांच्या नावावर फाटलं. आज बऱ्याच ठिकाणी, मी कुरिअरला जे 200 देते त्यातला माझ्याकडे एक पैसाही थांबत नाही, पण कमिशन त्याच्यावरही जातं. किंमत लावताना हे सुटतं. सोडू नका.

शेड परत का येतात, यावर मी भाड्याइतकाच विचार केलाय, आणि उत्तरं भाड्यापेक्षा स्वस्त निघाली.

सगळ्यात मोठं कारण रंग. "फोटोत क्रीम होता, इथे पिवळा दिसतोय." दोघंही बरोबर असतात. मी फोटो दिवसाउजेडी काढलेला असतो आणि त्यांच्या घरी बल्ब असतो 2700 केल्विनचा, उबदार पिवळा. कुणाकडे 6500 चा पांढरा असतो, त्याला तीच शेड निळसर, दवाखान्यातल्यासारखी दिसते. आता प्रत्येक कापडाचे तीन फोटो लावते: दिवा बंद, 2700 वर, 6500 वर. खाली एक ओळ, "तुमच्या बल्बच्या खोक्यावरचा आकडा बघा आणि त्याच आकड्याचा फोटो बघा." तिसरा फोटो कुरूप दिसतो. तो मुद्दाम ठेवलाय. तो बघून ज्याने घेतली नाही, त्याची शेड परत येणार होती.

दुसरं कारण होल्डर. जगात स्क्रूचा ई-27 आणि खटक्याचा बी-22 असे दोन प्रकार जोरात आहेत, आणि त्यांच्यासाठी शेडच्या मधल्या चकतीला भोकही वेगवेगळं लागतं, एकाला साधारण 40 मिलिमीटरचं, दुसऱ्याला 29 च्या आसपास. मी सगळ्या शेड मोठ्या भोकाच्या करते आणि प्रत्येकीबरोबर ते भोक लहान करणारी प्लास्टिकची रिंग टाकते. तिला वजन नाही, किंमत नाही. अर्धे लोक ती फेकून देत असतील. देऊ देत.

तिसरं कारण, माप. 30 सेंटीमीटर म्हणजे केवढं, हे आकडा वाचून कुणालाच नीट कळत नाही, मलाही नाही. मोकळ्या भिंतीपुढे काढलेल्या फोटोत शेड केवढीही वाटते. आता एका फोटोत ती टेबलावर असते आणि शेजारी उघडं पुस्तक, चष्मा, फोन. विचारपूस कमी झाली आणि "फारच मोठी निघाली" हे वाक्य जवळजवळ बंद झालं.

कापडाचे तुकडे पाठवणं ही बहिणीची कल्पना. कापडाचे चार-पाच लहान तुकडे कार्डावर टाचून साध्या लिफाफ्यातून, नाममात्र पैशांत. पहिल्यांदा मला ही चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला वाटली होती. पण लिफाफा टपालाच्या सगळ्यात खालच्या दरात जातो आणि शेड साडेसहा किलोच्या, आता सहाच्या. एक रिटर्न टळला की कितीतरी लिफाफ्यांचे पैसे निघतात. तुकडे मागवलेल्या माणसाने रंगाच्या कारणावरून शेड परत केल्याचं मला आठवत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण यावर ऐकीव माहिती फार फिरते. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून 14 दिवसांत, काहीही कारण न देता, ग्राहक व्यवहार मोडू शकतो. हा 2011 चा निर्देश, लागू झाला 13 जून 2014 पासून. विक्रेत्याला वस्तूच्या किमतीबरोबर जातानाचं साधं भाडंही परत द्यावं लागतं. ग्राहकाने हट्टाने महागडी जलद सेवा निवडली असेल तर तो वरचा फरक द्यावा लागत नाही. परतीचं भाडं ग्राहकाचं, पण ते तसं आहे हे त्याला आधी सांगितलेलं असेल तरच. सांगितलं नसेल तर विक्रेत्याचं. ही एक ओळ लिस्टिंगमध्ये, म्हणजे वस्तूच्या ऑनलाइन पानावर, नसल्यामुळे लोक भाडी भरत बसतात. ग्राहकाने स्वतः मापं आणि कापड सांगून बनवून घेतलेली वस्तू यातून वगळली आहे. ब्रिटनमध्येही नियम जवळपास असेच. अमेरिकेत, केवळ मन बदललं म्हणून ऑनलाइन खरेदी परत करण्याचा असा केंद्रीय कायदेशीर हक्क नाही, तिथे दुकानाचं धोरण चालतं. भारतात 2020 चे ई-कॉमर्सचे नियम सदोष, वर्णनाशी न जुळणारी किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचलेली वस्तू परत घ्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये असं सांगतात. या सगळ्याच्या वर मार्केटप्लेसचे स्वतःचे नियम असतात, आणि ते बहुधा कायद्यापेक्षा ग्राहकाच्या जास्त बाजूचे असतात. भांडून उपयोग नसतो. मी भांडून पाहिलंय, तासाचे पैसे लावले असते तर शेडपेक्षा भांडणच महाग पडलं असतं.

माझं धोरण साधं आहे. चूक माझी असेल, चुणी, डाग, वेगळं कापड, तर परतीचं भाडं माझं आणि वर एक शब्द नाही. मन बदललं असेल तर भाडं त्यांचं. आणि लहान, रात्रीच्या दिव्याच्या शेडला काही झालं तर फोटो मागवते, पैसे देते आणि "ठेवा तुमच्याकडेच" म्हणते, कारण ती परत आणण्याचं भाडं तिच्या किमतीपेक्षा जास्त. मोठ्या कंपन्याही हेच करतात. याचा गैरफायदा घेणारे असतात, पण कमी. आणि ज्यांना "ठेवा" म्हटलं, त्यांतले काही नंतर मोठी शेड घ्यायला परत आलेत.

परत आलेली शेड वापरलेली आहे का, हे ओळखायला मला अर्धं मिनिट लागतं. बाहेरून काही कळत नाही. वरच्या रिंगच्या आतल्या कडेवरून बोट फिरवायचं, दिवा वापरला असेल तर तिथे धुळीची बारीक रेघ बसलेली असते. मग मधली चकती उलटी करून बघायची. होल्डरची कडी आवळली की चकतीच्या रंगावर अर्धगोल ओरखडा पडतो, एकदाच बसवून काढली असेल तर हलका, महिनाभर वापरून काढली असेल तर धातू दिसतो. हलका ओरखडा मी कधीच धरत नाही. लावून पाहिल्याशिवाय शेड कशी कळणार? पण एखाद्या समारंभापुरत्या सजावटीला म्हणून एकदम सहा शेड मागवायच्या आणि सोमवारी सहाही परत, सहाही चकत्यांवर धातू, हे चालत नाही. फोटो काढते, मार्केटप्लेसला पाठवते. कधी ऐकतात, कधी नाही.

परतीचं पार्सल जातानाच्या पार्सलपेक्षा महाग का पडतं हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. अंतर तेच, खोका तोच. याचं उत्तर फार जुनं आहे. इंग्लंडमध्ये 1840 च्या आधी टपालाचे पैसे अंतरावर ठरत आणि बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याकडून दारात वसूल होत. लोक पत्र हातात घेऊन परत करत, आणि टपालखात्याला जाण्यायेण्याचा खर्च अंगावर. टपालसुधारक रोलँड हिलने 1837 मध्ये हिशेब मांडून दाखवलं की पत्र एका गावाहून दुसऱ्या गावाला नेण्याचा खर्च नगण्य आहे, पैसा खातं ते हाताळणं आणि दारोदार वसुली. रिटर्नचंही तेच. जाताना माझी दहा पार्सलं एका माणसाने एका दारातून उचलली. येताना दहा दारांवर दहा वेळा जायचं, घंटी वाजवायची, "आत्ता नाही, संध्याकाळी या" ऐकायचं.

हवा कमी करायचा एक मार्ग उरतो, शेड न जोडता पाठवायची. कापड-पत्रा गुंडाळून 8 सेंटीमीटरची नळी, खाली दोन रिंगा आडव्या, खोका 32 बाय 32 बाय 9. भागाकार 1.84, म्हणजे पैसे दोन किलोचे. शिवाय आंतरराष्ट्रीय टपालाच्या लहान पाकिटाला 2 किलो खरं वजन, तिन्ही बाजूंची बेरीज 90 सेंटीमीटर आणि कुठलीही बाजू 60 पेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा असते. आपली बेरीज 73. परदेशी साध्या टपालानेही जाते. कागदावर यासारखं काही नाही. पण पत्रा रिंगला चिकटवताना सुरुवात दोन मिलिमीटर तिरकी झाली की शेवटी दोन्ही टोकं जुळत नाहीत, आणि उलगडून परत चिकटवलं की डिंक धरत नाही. त्यामुळे भाडं तिसऱ्या हिश्शावर आलं आणि "जमलं नाही" म्हणणारे वाढले. ते शेड परतही करू शकत नाहीत, कारण ती आता धड वस्तू उरलेली नसते. पैसे मात्र मागतात, आणि त्यांचा राग मला समजतो. आता सुटे भाग फक्त लांबच्या ऑर्डरना, तेही प्रत्येक किटमध्ये रिंगवर आणि पत्र्यावर सुरुवातीची खूण करून, आणि एक जादा पत्रा घालून. जादा पत्र्याचं वजन 60 ग्रॅम, भाड्यात फरक शून्य.

जवळच्या ऑर्डरसाठी निमुळत्या शेड करायला घेतल्यात. त्या एकीत एक बसतात, दोन शेडची ऑर्डर एका खोक्यात जाते आणि खोका फक्त 6 सेंटीमीटरने उंच होतो. सरळ शेडपेक्षा शिवायला वेळ जास्त लागतो. जोडीने घेणाऱ्याला थोडी सूट देते, ती सूट भाड्यातूनच निघते.

45 सेंटीमीटरची मोठी शेड ऑनलाइन लावतच नाही. खोका 49 बाय 49 बाय 32, वजन साडेपंधरा किलो, आणि ती परत आली तर ठेवायला घरात जागाही नाही. ज्यांना हवी ते विचारतात, मी "येऊन घेऊन जा" म्हणते.